खांद्याच्या भागाला दुसरा परवाना

प्रिय छोट्या,

तुझं उत्तर काल दुपारी पोचलं. दोन महिने तोंडाला कुलूप, आणि मग एका ओळीत सगळं: चालेल, दोन्ही परवाने लावा, फक्त दुसऱ्या परवान्याच्या फाईलमध्ये वर्ष चुकलंय तेवढं बघा. मी ती ओळ मोठ्याने वाचली तेव्हा आई म्हणाली, वर्ष चुकलंय म्हणतोय म्हणजे अथपासून इतिपर्यंत वाचलंय त्याने. मग तिने डोळे पुसले आणि डोळ्यात कापडाचे तंतू गेल्याचं आम्हाला सांगितलं. आम्हीही मान डोलावली. वर्ष दुरुस्त केलं आहे. ते माझंच टायपिंग होतं, त्यावर काय हसायचं ते हसून घे.

आता तू म्हणशील, मेलला मेलने उत्तर द्यायचं सोडून ही बया कागद-पेन घेऊन का बसली? सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगणार, म्हणजे भरपूर लांबण लावून. घाईत असशील तर आधी घाई संपव, चहा कर आणि मग वाचायला बस.

पहिली गोष्ट, तुला जे मेल आलं होतं ते वकीलबाईंनी लिहिलं होतं. बेतणीच्या, म्हणजे आपल्या कपडे बेतायच्या प्रोग्रॅमच्या, कामात त्या हौसेने, फुकट आपल्याला सल्ला देतात, त्यामुळे त्यांना नावं ठेवायची सोय नाही; पण त्यांचं मेल वाचून तुझ्या कपाळावर आठ्या पडल्या असणार हे मला इथे बसून दिसत होतं. ‘दुसरा परवाना’ हे दोन शब्द पाहिल्यावर तू पुढचं वाचलं असशील की नाही याचीच मला शंका होती. कारण हे दोन शब्द आपल्या घरात शेवटचे कधी उच्चारले गेले ते तुला ठाऊक आहे आणि मलाही.

मला मात्र बेतणी म्हटलं की ते भांडण आठवत नाही, त्या गाण्याच्या मास्तरांचा कोट आठवतो. त्यांचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली होता आणि तयार कोट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. आईने त्यांच्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं, टेप लावली न लावली आणि सरळ कापडावर खडू चालवला. कोट असा बसला की मास्तर आरशासमोरून हलेनात. तू तिला विचारलंस, तुला कळलं कसं? तिला सांगता येईना. मग तू तिच्या मागे हात धुऊन लागलास. बाही जोडायचा मुंढा इथेच का, गळा इतकाच का, शिवणीत डावीकडे माया जास्त का सोडलीस, ते शेवटी तिने खडू फेकून मारेपर्यंत. त्या खडूच्या माऱ्यातून बेतणीचा खांद्याचा भाग तयार झाला. माप घालायचं आणि कागदी कटिंग छापून घ्यायचं, असा आपला साधा प्रोग्रॅम. कॉलर मी केली, बाही मी केली, काजं मी केली, छापायची सगळी कटकट मी सोसली, आणि अजूनही जो येतो तो विचारतो, खांद्याचा भाग कोणी लिहिलाय? मी दात-ओठ खाऊन तुझं नाव सांगते.

आणि खरं सांगू, विचारण्यासारखाच आहे तो. बाकीचे प्रोग्रॅम आधी इंच विचारतात. तुझा आधी विचारतो की माणूस दिवसभर कसा असतो, उभा, बसलेला, की काठीवर रेललेला. डावी बाजू वेगळी, उजवी वेगळी, आणि कुठलीच बाजू चुकीची नाही. चाकाच्या खुर्चीत दिवस काढणाऱ्यासाठी पाठ आखूड करतो, पुढचा भाग लांब करतो आणि जिथे माणूस बसतो तिथे शिवणच येऊ देत नाही, कारण ज्याला तिथलं दुखणं जाणवत नाही त्याला एक शिवण जखम करून जाते. हे तू कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतंस. आईच्या गिऱ्हाइकांच्या बाकड्यावर शाळेची बॅग मांडीवर घेऊन बसून शिकला होतास.

मग ते गणवेशवाले आले. त्यांना बेतणी हवी होती, पण आपल्या परवान्यातली अट नको होती. आपला परवाना साधा आहे: कोणीही घ्या, वापरा, बदला, मात्र बदललेलं पुढे दिलंत तर तेही असंच उघडं ठेवून द्या. त्यांना बदल कुलपात ठेवायचे होते आणि त्यासाठी वेगळा, बंद परवाना विकत मागत होते. मी म्हटलं, बोलून तर बघू. आई म्हणाली, मी कपडे विकते ना, मग हे विकलं तर काय बिघडलं? तेव्हा तू जेवणाच्या ताटावरून उठलास आणि म्हणालास, “विका ना. पण आईच्या हातातलं कोणी कुलपात घालायचं नाही. दुसरा परवाना लावायचाच असेल तर माझा भाग काढून लावा.” गणवेशवाले महिन्याभरात दुसरीकडे गेले. तू मात्र नोकरी घेऊन जो गेलास तो गेलासच. महिन्यातून एकदा आईला फोन, बरी आहेस ना, हो बरी आहे, संपलं. माझ्याशी तर तेही नाही. त्या दिवशी मी जे बोलले त्यातलं अर्धं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. कुठलं अर्धं ते भेटल्यावर भांडून ठरवू.

या वेळची गोष्ट अगदीच निराळी. चाकाच्या खुर्चीची बैठक आखणारा एक प्रोग्रॅम आहे, तोही मुक्त, तोही चार वेड्या लोकांनी घरी बसून लिहिलेला. आम्ही त्यांना खुर्चीवाले म्हणतो. त्यांच्या एका माणसाची आणि आईची गाठ पडली. कशी ते शेवटी सांगते. दोघांच्या लक्षात आलं की ते बैठकीसाठी जी मापं घेतात आणि आई कपड्यासाठी जी घेते, ती एकमेकांना विचारून घ्यायला हवीत. बैठकीला उजवीकडे आधार दिला की पाठ सरळ होते, पाठ सरळ झाली की खांदा बदलतो, खांदा बदलला की शिवलेला कोट बिघडतो. दोन्ही प्रोग्रॅम एकत्र केले तर एकाच वेळी सगळं होईल. आई तर दुसऱ्या दिवशी उद्घाटन करायला निघाली होती.

आणि इथे घोडं अडलं. कारण त्यांच्या परवान्यातही तेच लिहिलंय जे आपल्या परवान्यात आहे: पुढे द्याल तेव्हा उघडं द्या आणि आमच्याच कागदाखाली द्या. आपला कागद म्हणतो माझ्याखाली, त्यांचा म्हणतो माझ्याखाली. दोघेही उदार आणि दोघेही हट्टी. मला तर आपल्या जेवणाच्या टेबलाचीच आठवण झाली. वकीलबाईंनी तोडगा काढला की आपण बेतणी दोन्ही परवान्यांखाली द्यायची. जुना तसाच राहील, शेजारी त्यांचा येईल, घेणाऱ्याने हवा तो निवडावा. कुलूप कुठेच नाही. पण बेतणीत ज्याची ज्याची एक ओळ आहे त्या प्रत्येकाने हो म्हटलं पाहिजे.

मग सुरू झाली शोधाशोध. एकाने बेतणीत आयुष्यात एकदा एक स्वल्पविराम दुरुस्त केला होता. त्याने दोन्ही परवाने छापून घेतले, रेघा मारल्या आणि मला फोन करून इतकं भंडावून सोडलं की भाजी करपली. बटणांची चित्रं काढणारी मुलगी आता संगणकाला हात लावत नाही, मधमाश्या पाळते; तिने कळवलं की मध सोडून जगातल्या कशावरही तिचा हक्क नाही, खुशाल लावा. छपाईची भानगड सोडवून देणारे ते निवृत्त पोस्टमास्तर मात्र वारले. त्यांच्या पत्नीने सही केली आणि सांगितलं की घरी पाहुणे आले की ते पडद्यावर आपल्या नऊ ओळी काढून दाखवायचे आणि पाहुण्यांना चहा मिळायला उशीर व्हायचा.

सगळ्यांच्या सह्या आल्या. राहिला कोण, ते तुला सांगायला नको.

तू मेलला फक्त ‘आधी वाचतो’ एवढं उत्तर दिलंस आणि मूग गिळून बसलास. खुर्चीवाले बिचारे ताटकळले. शेवटी कोणीतरी म्हणालं की त्यानेच सांगितलंय ना माझा भाग काढा म्हणून, मग काढू आणि नवा लिहू. नवा भाग तुझ्या भागाची नक्कल ठरू नये म्हणून वकीलबाईंनी त्याची पद्धत समजावली. ज्याने जुना भाग वाचलाय त्याने फक्त तो काय काय करतो ते लिहायचं, कसा करतो ते नाही. ज्याने तो कधीच वाचलेला नाही त्याने त्या वर्णनावरून नवा लिहायचा. दोघांनी त्याबद्दल एकमेकांशी बोलायचं नाही, सगळे प्रश्न चिठ्ठीवर, आणि मध्ये एक तिसरं माणूस, जे प्रत्येक चिठ्ठी तपासूनच पुढे देईल.

अडचण अशी की बेतणीतल्या प्रत्येकाने तुझा भाग वाचलेला. नव्या माणसाला आम्ही पहिल्यांदा तोच वाचायला देतो. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला: तुझे भाऊजी! लग्नाला इतकी वर्षं झाली, लिफ्टचे प्रोग्रॅम लिहून पोट भरणारा माणूस, पण बायकोच्या कामाची एक ओळ कधी वाचली असेल तर शपथ. ज्या गोष्टीवरून मी त्यांना आयुष्यभर टोमणे मारले तीच त्यांची पात्रता ठरली. वकीलबाईंनी त्यांना लेखी विचारलं की तुम्ही खरंच कधीच वाचलं नाही का, तेव्हा गृहस्थ इतक्या अभिमानाने नाही म्हणाले की मला ते कागद फाडावेसे वाटले.

झालं, घराची शाळा झाली. मी झोपायच्या खोलीत दार लावून वर्णन लिहायची, भाऊजी स्वयंपाकघरातल्या टेबलावर, आणि मधल्या खोलीत तिसरं माणूस म्हणजे आई. तिचं कापायचं टेबल हल्ली तिथेच असतं, पाय कापून बुटकं केलेलं. पायाने चालवायचं मशीन देऊन टाकलं आणि हाताच्या बटणाचं घेतलं, त्याचा आवाज तिला आवडत नाही. दारांचे उंबरे काढले. चिठ्ठ्या आम्ही तिच्या टेबलावर नेऊन ठेवायच्या आणि तिने चष्मा नाकावर ओढून वाचायच्या. भाऊजींच्या पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, माणूस दिवसभर काय करतो हे का विचारायचं, आम्ही लिफ्टला असलं काही विचारत नाही. आईने खाली लिहिलं, म्हणून लिफ्ट कोट घालत नाही. जेवताना कोणी चुकून मुंढा म्हटलं तरी ती लाकडी पट्टी टेबलावर आपटायची. आम्ही दोघं इतके दिवस हवापाण्याविषयी बोललो, की शेजारच्या काकूंना वाटलं आमचं बिनसलंय.

माझं काम मला सोपं वाटलं होतं. पण छोट्या, लिहायला बसले आणि हात थांबला. प्रोग्रॅम आधी मापं का विचारत नाही? कारण तू एकदा एका गिऱ्हाइकाला टेपकडे बघून अंग चोरताना पाहिलं होतंस. डावा आणि उजवा प्रश्न एकाच वेळी का दिसतात? कारण मास्तरांनी विचारलं होतं की आधी चांगला खांदा सांगू की वाईट. हे असलं काही लिहायचं नव्हतं, फक्त काय होतं तेवढं लिहायचं होतं, आणि तेवढंच लिहिलं. तरी पहिलं पान वाचून आईने चष्मा काढला आणि म्हणाली, “हे तू लिहिलेलं नाहीस. हा तो बोलतोय.” मग पान भाऊजींकडे न देता बराच वेळ मांडीवर ठेवून बसली. मला तुझी फार आठवण आली. रागही आला, पण आठवण जास्त.

भाऊजींनी नवा भाग लिहिला. मनापासून लिहिला, सुट्टी काढून. आम्ही जुनी मापं घालून कटिंग छापलं, दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीला लावले, आणि रेघ न् रेघ जुळली! मी टाळ्या वाजवल्या. आई पुढे येऊन बघायला लागली आणि तिने बाहीवर बोट ठेवलं. उजवा खांदा उतरता असेल तर तुझ्या भागाच्या हिशोबाने माझी डावी बाही बोटभर लांब येते. ही तुझी चूक आहे, आपल्या सगळ्यांना माहीत असलेली. आई ती छापल्यावर हाताने कापून टाकते, म्हणून कोणी दुरुस्तच केली नाही. आणि मी ती वर्णनात नियम म्हणून लिहिली होती. अमुक झालं की डावी बाही बोटभर वाढवावी. भाऊजींनी इमानदारीत वाढवली.

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. म्हणाल्या, मूळ माणसाची चूक जशीच्या तशी उतरलीय, आता हे नवीन लिहिलंय असं कोण म्हणेल? वर्णन रद्द, नवा भाग रद्द. वर्णन लिहायला तुला जवळून न ओळखणारं माणूस शोधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, नाहीतर तुझ्या उत्तराची वाट बघा. भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आई मात्र हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून, मग आम्हीही. किती महिन्यांनी ती तशी हसली. हसू ओसरल्यावर तिने निकाल दिला की आता कोणाला शोधायचं नाही, वाट बघायची. त्यानंतर संगणकावर मेलचा आवाज झाला की कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघायची. मी मान हलवली की पुन्हा कात्री उचलायची. काल दुपारपर्यंत हे असं चालू होतं.

आता हे कागदावर का, ते. तुझं उत्तर येईपर्यंत, ते हो असो की नाही, तुला एक गोष्ट सांगायची नाही असं आईने माझ्याकडून वदवून घेतलं होतं. काल तुझं उत्तर आलं आणि मी सुटले. छोट्या, आईला चालता येत नाही. हिवाळ्यात पाठीच्या कण्यातली गाठ काढली. गाठ साधी होती, ती गेली, जिवाला आता काही धोका नाही, पण पायांत जोर आला नाही. फोनवर तुला दुकान रंगवायला काढलंय म्हणाली होती, तेव्हा ती हॉस्पिटलात होती. आधी म्हणायची, उभी राहिले की मीच सांगेन त्याला. ते काही जमलं नाही. मग तिच्या खुर्चीचं माप घ्यायला एक माणूस आला, खुर्चीवाल्यांचा प्रोग्रॅम घेऊन, आणि माप देता देता तिने त्यालाच टेप कशी धरायची ते शिकवलं. अशी त्यांची गाठ पडली. पुढे तुझ्या सहीचा प्रश्न आला तेव्हा मी म्हटलं, आता तरी त्याला सांगू, तो धावत येईल आणि सहीही करेल. ती इतकी चिडली की मी दोन पावलं मागे सरले. म्हणाली, “म्हणूनच सांगायचं नाही. त्याला हो म्हणायचं असेल तर त्याच्या कारणाने म्हणू दे, नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणू दे. माझ्या पायांवर सही मागायची नाही.” मी पुष्कळ भांडले, हे तुझ्यावर अन्याय करणं आहे असंही म्हणाले, आणि अजूनही मला तसंच वाटतं. पण काल तुझी ओळ वाचली तेव्हा तिचा चेहरा तू पाहायला हवा होतास. तू कोणाच्या दयेने नाही, नीट वाचून, पटल्यावर हो म्हणालास, हे तिला कळलं होतं. मी वकीलबाईंना मुद्दाम विचारून घेतलंय: एकदा दिलेला परवाना परत घेता येत नाही. तेव्हा आता तुझ्या येण्याने किंवा न येण्याने बेतणीचं काही अडत नाही. आता फक्त आईसाठी ये. लपवलं म्हणून संताप आला असेल तर तोही घेऊन ये, तिच्यासमोर बस आणि पोटभर रागाव. ती म्हणते की यावेळी तिला सगळं ऐकून घ्यावं लागेल, भांडणात उठून स्वयंपाकघरात जायची तिची सवय आता मोडली आहे. हा विनोद तिचा आहे, माझा नाही, आणि तो तुला लिहून कळवायला तिनेच सांगितलंय.

तुझीच
ताई